फाइल पोहोचली, शंका मागे राहिली : वंशावळीच्या नोंदींच्या देवाणघेवाणीचे एक प्रकरण

एका कुटुंबाच्या इतिहासाचे संशोधन करणाऱ्या गटात एका सभासदाने दुसऱ्या सभासदाला वंशावळीची संपूर्ण फाइल दिली. पुढच्या दीड वर्षात या एका साध्या कृतीतून तीन अडचणी उभ्या राहिल्या. मूळपुरुषाची चुकीची जन्मनोंद सर्वत्र खरी मानली जाऊ लागली, एका हयात स्त्रीच्या जन्माविषयीची खासगी बाब परक्यांना दिसली, आणि वीस वर्षांहून अधिक काळ खपून नोंदी जमवलेल्या संकलिकेने काम थांबवले. नेमके काय घडले याचा माग काढण्यासाठी गटाने तीन सभासद नेमले होते आणि त्यांत मी होतो. संबंधितांची नावे, स्थळे आणि ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत. नोंदींचा प्रवास मात्र आम्हाला जसा सापडला तसाच मांडला आहे, कारण इतर गटांना उपयोग होईल तो त्याचाच.

गटात तीसेक माणसे होती. सर्वजण एकाच मूळपुरुषाचे वंशज, पण सहा-सात पिढ्यांपूर्वी फुटलेल्या शाखांतले, त्यामुळे बरेच जण एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. नोंदी कशा द्याव्यात, याविषयी कोणताही लेखी नियम नव्हता. आपण सगळे एकाच कुळातले, मग आपसात नियम कशाला, अशी त्यामागची समजूत होती. ती प्रामाणिक होती हे मी आवर्जून नोंदवतो, कारण पुढे जे घडले त्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

संकलिकेची फाइल सुमारे चोवीसशे व्यक्तींची होती. नोंदवह्यांची छायाचित्रे संगणकावर मिळू लागण्याच्या कितीतरी आधीपासून त्या दप्तरखान्यांत बसून हाताने उतारे करून घेत असत. मिळालेल्या प्रत्येक माहितीपुढे त्या तीनपैकी एक शेरा लिहीत : मूळ नोंद स्वतः पाहिली आहे, कोणीतरी केलेला उतारा पाहिला आहे, किंवा केवळ ऐकीव आहे. जिथे निष्कर्षाबद्दल मनात किंतु असेल तिथे ‘शंका’ असा चौथा शेरा असे. माझ्या मते त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता, कारण नावे आणि तारखा कोणीही जमवू शकतो. कोणत्या तारखेवर किती भार टाकता येईल हे मात्र तीच व्यक्ती सांगू शकते, जिने त्या तारखेचा कागद हातात धरलेला असतो.

तिसऱ्या शाखेतल्या एका तरुण सभासदाने त्यांच्याकडे आपल्या शाखेची माहिती मागितली. फक्त एक शाखा वेगळी काढण्यात वेळ गेला असता, म्हणून संकलिकेने पूर्ण फाइल पाठवली आणि सोबत ‘घरातल्या घरात वापरावी’ एवढे एक वाक्य लिहिले. तरुण सभासदाला वाटले की ही माहिती अधिक लोकांना दिसली तर दुरावलेल्या शाखा सापडतील. त्याने ती फाइल सर्वांना पाहता येणाऱ्या एका वंशवृक्षाच्या संकेतस्थळावर चढवली. ‘घरातल्या घरात’ याचा अर्थ त्याने ‘व्यापारी कामासाठी वापरू नये’ असा घेतला होता. संकलिकेच्या मनात त्याचा अर्थ ‘गटाबाहेर देऊ नये’ असा होता. एकाच वाक्याचे हे दोन्ही अर्थ होऊ शकतात, हे आज मान्य करावे लागते.

फाइल उघडल्यावर काय गळाले

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जी पद्धत जगभर वापरली जाते तिला जेडकॉम म्हणतात. अमेरिकेतील ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या धर्मसंस्थेने ती १९८४ मध्ये प्रसृत केली. तिची ५.५.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये मसुदा म्हणून आली आणि बहुतेक सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे तिच्यावरच चालत राहिली. सातवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. जेडकॉम फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीच्या आरंभी पातळी दाखवणारा आकडा असतो, त्यानंतर जन्म, विवाह, मृत्यू, संदर्भ अशा बाबींची ठरावीक खूण आणि पुढे माहिती. ही रचना साधी आहे म्हणूनच टिकली, परंतु तिच्या काही मर्यादा ज्यांना ठाऊक नसतात त्यांची फसगत होते. येथे ती तीन ठिकाणी झाली.

पहिली गोष्ट शेऱ्यांची. संकलिकेने आपले शेरे सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तयार केलेल्या रकान्यात लिहिले होते. अशा खासगी रकान्याची खूण जेडकॉममध्ये अधोरेषेने सुरू होते. ती खूण ओळखण्याचे बंधन दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नसते आणि अनेकदा ते रकाने न सांगता वगळले जातात. वास्तविक पुराव्याची विश्वासार्हता सांगण्यासाठी जेडकॉममध्ये ० ते ३ अशी स्वतःची श्रेणी आहे. ० म्हणजे अविश्वसनीय पुरावा किंवा अंदाज, १ म्हणजे शंकास्पद, २ म्हणजे घटनेनंतर काही काळाने नोंदलेला दुय्यम पुरावा आणि ३ म्हणजे प्रत्यक्ष व प्राथमिक पुरावा. ही श्रेणी संदर्भाच्या नोंदीला जोडलेली असते आणि प्रमाणित असल्यामुळे ती पुढे पोहोचण्याची शक्यता बरीच अधिक असते. आमच्या गटातल्या कोणालाही ती माहीत नव्हती.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. ५.५.१ आवृत्तीच्या फाइलीत मूळ दस्तऐवजाचे छायाचित्र नसते, ते कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता तेवढा असतो. संकलिकेच्या संगणकावरचा तो पत्ता दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक ठरला. सातव्या आवृत्तीत फाइल आणि छायाचित्रे एकाच गठ्ठ्यात बांधण्याची सोय आहे, पण ती दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरला यावी लागते.

तिसरी गोष्ट खासगी टिपांची. त्या संकलिकेच्या पडद्यावर झाकलेल्या दिसत, म्हणून त्या फाइलीतही जात नसतील असे त्यांनी गृहीत धरले. फाइल बाहेर काढताना खासगी टिपा वगळण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो आणि तो निवडला गेला नव्हता. याचा परिणाम सर्वांत गंभीर झाला. त्याकडे मी नंतर येतो.

स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी

मूळपुरुषाच्या नावाच्या दोन जन्मनोंदी नोंदवहीत होत्या. आईवडील तेच, नाव तेच, अंतर चार वर्षांचे. संकलिकेने आधीची नोंद स्वीकारली होती, कारण विवाहाच्या वेळी लिहिलेल्या वयाशी ती अधिक जुळत होती. पुढे ‘शंका’ असा शेरा मात्र त्यांनी ठेवला होता. संकेतस्थळावर तो शेरा गळाला आणि उरली फक्त तारीख. अशा संकेतस्थळांवर नावे आणि वर्षे जुळली की दुसऱ्याच्या वंशवृक्षातली माहिती आपल्यात घेण्याची सूचना आपोआप येते आणि एका कळीवर ती स्वीकारता येते. काही महिन्यांत ती तारीख आणखी सात वंशवृक्षांत गेली.

वर्षभराने गटातल्या एका ज्येष्ठ सभासदाने मोठ्या उत्साहाने कळवले की मूळपुरुषाच्या जन्माबाबत आता शंका उरलेली नाही, कारण सात निरनिराळ्या संशोधकांची तारीख आपल्याशी जुळते. गटाने ते मान्य केले. खुद्द संकलिकेनेही आपल्या मूळ फाइलीतला ‘शंका’ हा शेरा पुसला. या प्रकरणातली मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी घटना हीच आहे. ज्या व्यक्तीने शंका नोंदवली होती, तिचीच नोंद शंका गाळून जगभर फिरली आणि पुरावा बनून तिच्याच दारी परत आली, तेव्हा तिलाही ती ओळखता आली नाही.

हे उघडकीस आले ते एका क्षुल्लक चुकीमुळे. मूळपुरुषाच्या आईचे माहेरचे आडनाव टंकताना संकलिकेकडून एक अक्षर सुटले होते. त्या रूपातले आडनाव कोणत्याही नोंदवहीत नाही, पण सातही वंशवृक्षांत तेच अक्षर गळालेले होते. जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे तत्त्व चांगले ठाऊक असते : बरोबर पाठ जुळला तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, पण चूक जुळली तर दोन्ही प्रती एकाच पोथीवरून उतरल्या आहेत असे समजावे. सात साक्षीदार नव्हतेच. साक्षीदार एक होता आणि त्याच्या सहीच्या सात नकला होत्या.

त्यानंतर आम्ही मूळ नोंदवहीकडे परत गेलो आणि या वेळी जन्माबरोबर मृत्यूच्या नोंदीही पाहिल्या. आधीच्या नोंदीतले मूल अकराव्या महिन्यात दगावले होते. दगावलेल्या मुलाचे नाव पुढे जन्मलेल्या भावंडाला देण्याची रीत जगातल्या अनेक समाजांत होती, त्यामुळे एकाच घरात एकाच नावाच्या दोन जन्मनोंदी दिसल्या तर पहिल्याच्या मृत्यूची नोंद शोधणे हे वंशावळीच्या कामातले प्राथमिक पाऊल आहे. विवाहाच्या वेळी लिहिलेले वय वाढवून सांगितलेले होते. म्हणजे आमचा मूळपुरुष ही दुसऱ्या नोंदीतली व्यक्ती ठरली. सातही वंशवृक्षांच्या मालकांना आम्ही मृत्युनोंदीच्या छायाचित्रासह पत्रे पाठवली. चौघांनी दुरुस्ती केली, एकाने आपला वंशवृक्ष ‘पूर्ण झालेला’ असल्याचे कळवले आणि दोघांचे उत्तर आले नाही.

जिला कोणी विचारले नव्हते

फाइलीत एका स्त्रीची नोंद होती जी गटाची सभासद नव्हती. ती दत्तक गेलेली होती. तिच्या जन्मदात्या आईचे नाव आणि तत्कालीन परिस्थिती संकलिकेला एका वृद्ध नातेवाइकाकडून कळली होती आणि ती त्यांनी खासगी टिपेत लिहून ठेवली होती. या स्त्रीला स्वतःला ते ठाऊक होते. तिच्या मुलांना मात्र ठाऊक नव्हते. त्यांना केव्हा आणि कसे सांगायचे हे ती ठरवत होती, आणि तो निर्णय तिचाच होता.

बहुतेक वंशवृक्ष-प्रणाली हयात व्यक्तींची माहिती झाकतात. व्यक्ती हयात आहे की नाही हे त्या मृत्युनोंदीवरून, आणि ती नसेल तर वयावरून ठरवतात. जन्माला शंभर किंवा एकशेदहा वर्षे उलटली असतील तर व्यक्ती मृत धरली जाते. संकलिकेने या स्त्रीची जन्मतारीख गुप्ततेसाठीच फाइलीतून काढून टाकली होती, आणि तिच्या जन्मदात्या आईचीही एकही तारीख फाइलीत नव्हती. परिणामी प्रणालीला वय मोजण्यासाठी काहीच आधार राहिला नाही आणि नोंद टिपेसह उघडी राहिली. गुप्ततेसाठी उचललेले पाऊलच गुप्ततेच्या विरुद्ध गेले. दूरच्या एका नातेवाइकाने ती टीप वाचली आणि तिच्या मुलीला निष्पापपणे विचारले.

त्या स्त्रीचे पत्र गटाकडे आले ते चार ओळींचे होते. त्यात राग नव्हता. माझ्याविषयी तुम्हाला माहीत होते, मग मला विचारावे असे तुमच्यापैकी कोणालाही का वाटले नाही, एवढाच प्रश्न होता. तरुण सभासदाने त्याच दिवशी संपूर्ण वृक्ष संकेतस्थळावरून काढून टाकला. परंतु टीप कोणाकोणाच्या प्रतीत गेली हे सांगण्याचा मार्ग नव्हता, आणि मुलीला कळले होते ते काही परत घेता येणार नव्हते.

कायद्याच्या अंगाने पाहता युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण नियम, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती व्यवहाराला आणि मृत व्यक्तींच्या माहितीला लागू होत नाही. गटातल्या काहींनी याचा आधार घेतला. पण तो आधार येथे टिकत नाही. स्वीडनमधील एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २००३ मध्येच म्हटले होते की इंटरनेटवर अगणित लोकांना पाहता येईल अशी माहिती प्रसिद्ध करणे हा घरगुती व्यवहार ठरत नाही. त्या प्रकरणातली व्यक्तीही एक स्वयंसेविकाच होती, आणि तिने आपल्या सहकाऱ्यांविषयीचे साधे तपशील सद्‌भावनेने लिहिले होते. कायदा आपल्याला लागू आहे की नाही, हा वाद गटात तीन आठवडे चालला. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण पत्रातला प्रश्न कायद्याचा नव्हता. शिवाय दत्तकविधान, विवाहबाह्य जन्म, आत्महत्या, कारावास या बाबींचा संबंध मृतांइतकाच त्यांच्या हयात मुलानातवंडांशी असतो, आणि तो कोणताही नियम पूर्णपणे पकडू शकत नाही.

श्रम कोणाचे

संकलिकेचे गाऱ्हाणे वेगळे होते. सात वंशवृक्षांपैकी एकातही त्यांचे नाव नव्हते, उलट दोघांनी संपूर्ण संशोधन आपले असल्याचे लिहिले होते. यावर कायद्याचा उपाय तोकडा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात स्पष्ट केले की तथ्यांवर स्वामित्वहक्क नसतो आणि केवळ कष्टाने जमवली म्हणून ती जमवणाऱ्याची होत नाहीत. युरोपीय संघात माहितीसंग्रहाला १९९६ च्या निर्देशानुसार पंधरा वर्षांचे वेगळे संरक्षण आहे, पण अनेक देशांत विखुरलेल्या कुटुंबाने त्यावर विसंबणे अवघड आहे. जन्मतारीख कोणाच्या मालकीची नसते हे योग्यच आहे. पण संकलिकेचे नाव गळाले तेव्हा फक्त मान गेला नाही. चूक आढळल्यावर विचारायचे कोणाला, तोही दुवा गेला. सात मालकांपैकी एकानेही संकलिकेला पत्र लिहिले असते, तर ‘शंका’ हा शेरा पहिल्याच महिन्यात समोर आला असता.

गटाने काय बदलले

पहिली प्रतिक्रिया दार बंद करण्याची होती. यापुढे कोणी कोणाला काही देऊ नये, असा ठराव जवळजवळ संमत झाला होता. त्याला विरोध करताना एका सभासदाने डब्लिनच्या सार्वजनिक दप्तरखान्याची आठवण दिली. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात तो स्फोटात आणि आगीत नष्ट झाला आणि आयर्लंडच्या कित्येक शतकांच्या मूळ नोंदी गेल्या. त्यांतल्या मृत्युपत्रांचे जे काही आज वाचता येते, त्यातले पुष्कळ सर विल्यम बेथम यांनी एकोणिसाव्या शतकात करून ठेवलेल्या टिपणांमुळे. अशा विखुरलेल्या प्रती जगभरातून जमवून तो दप्तरखाना डिजिटल रूपात पुन्हा उभा करण्याचे काम झाले आणि २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. एकाच घरात कुलूपबंद असलेले कागद एका आगीत संपतात, हे म्हणणे गटाला पटले. मी त्यात एवढेच जोडले की बेथम यांची टिपणे उपयोगी पडली, कारण ती कोणत्या मृत्युपत्रावरून केली आहेत हे कळत होते.

म्हणून गटाने देवाणघेवाण थांबवली नाही, तिचे एकक बदलले. आता सभासद एकमेकांना वृक्ष देत नाहीत, नोंद देतात : मूळ पानाचे छायाचित्र, त्याचा जसाच्या तसा उतारा, ते कोणत्या संग्रहातल्या कोणत्या वहीतून व पानावरून घेतले त्याचा पत्ता, आणि कोणी केव्हा वाचले ते. त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळ्या कागदावर, काढणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो आणि विरुद्ध जाणारा पुरावा असल्यास त्याचा उल्लेख तिथेच करावा लागतो. दुसऱ्याचा वंशवृक्ष हा पुरावा धरला जात नाही, शोध कुठे घ्यावा याची केवळ खूण म्हणून वापरला जातो. हे काम संथ आहे. पूर्वी एका संध्याकाळी होणाऱ्या कामाला आता महिना लागतो, आणि दोन सभासद याच कारणाने गट सोडून गेले.

जेडकॉम फाइल द्यावीच लागली तर मागितलेल्या शाखेपुरतीच देतात, शेरे प्रमाणित श्रेणीत घालून देतात, आणि पाठवण्यापूर्वी ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या जागी उघडून काय गेले व काय गळाले ते डोळ्यांनी पाहतात. ही शेवटची पायरी दहा-पंधरा मिनिटांची आहे. ती त्या वेळी केली असती तर वरच्या तीनही अडचणी तिथेच दिसल्या असत्या. फाइल पुढे तिसऱ्या व्यक्तीला द्यायची असल्यास पुन्हा विचारावे लागते, आणि ‘घरातल्या घरात’ यासारखे शब्द टाळून कोणाला द्यावी व कोठे चढवू नये हे स्पष्ट लिहावे लागते.

हयात व्यक्तींसाठी गटाने दप्तरखान्यांच्या मुदती आधाराला घेतल्या. जर्मनीत जन्मनोंदी ११०, विवाहनोंदी ८० आणि मृत्युनोंदी ३० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. नेदरलँड्समध्ये त्याच मुदती १००, ७५ आणि ५० वर्षांच्या आहेत. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, म्हणून १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी बाहेर आली. गटाने जन्मासाठी ११० वर्षे स्वीकारली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिची तारीख ठाऊक नाही ती व्यक्ती हयातच समजायची असे ठरवले. अशा व्यक्तीच्या जागी नाव न लिहिता केवळ ‘हयात’ हा शब्द लिहितात. संवेदनशील बाबी संगणकाच्या फाइलीत लिहीतच नाहीत.

डीएनए चाचण्यांचे निकाल या व्यवस्थेच्या बाहेर ठेवले आहेत. २०२३ मध्ये २३अँडमी या कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत घुसखोरी झाली आणि नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती उघडी पडली. एकाने दिलेली संमती इतक्या जणांना पुरत नाही, म्हणून ज्याने त्याने आपला निकाल स्वतःकडे ठेवावा असे ठरले.

संकलिका आठ महिन्यांनी कामाला परत आल्या. त्यांनी पहिल्यांदा ‘शंका’ हा शेरा कोठे कोठे पुसला गेला ते शोधले आणि मूळपुरुषाखेरीज आणखी दोन ठिकाणी तो परत लिहिला. त्या दोन्ही नोंदींचा निकाल अजून लागलेला नाही. ज्या स्त्रीचे पत्र आले होते तिला तरुण सभासदाने स्वतः भेटून क्षमा मागितली. त्यानंतर काही महिन्यांनी तिने आपल्या जन्माविषयी जे तिला ठाऊक आहे ते स्वतःच्या हाताने लिहून बंद पाकिटात गटाकडे दिले, आणि ते केव्हा व कोणासमोर उघडायचे हे वर लिहिले. पाकीट संकलिकेच्या कपाटात आहे. मुख्य फाइलीत त्या जागी ‘हयात’ एवढाच शब्द आहे.